आज कुणाच्या जिवावर? कृतज्ञतेच्या वहीपासून वस्तीतल्या कामापर्यंत

आधी सामान सांगते. एक ४० पानी वही, एक पेन आणि रात्री जेवणं उरकल्यावरची दहा मिनिटं. बाकी काही विकत घ्यायचं नाही आणि कुठल्या शिबिराला जायचं नाही.

मी सोलापुरात पूर्व भागात राहते, शाळेत शिकवते. शाळा सोडून गेलेली मुलं-मुली अधूनमधून घरी येतात, आणि हल्ली बहुतेक जण एकच सांगतात: मॅडम, बातम्या बघवत नाहीत. त्यांचं चुकत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ्यात गेलं होतं, म्हणजे नेहमीचा वापरायचा साठा संपला होता. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळ्याकडं उभी पिकं पाण्याखाली गेली. शहरात मागांची खडखड कमी झाली, तरुण पोरं पुण्याच्या गाडीत बसली. माणसामाणसांत तेढ वाढते आहे, ते वेगळंच. काहीतरी करावं असं सगळ्यांना वाटतं, पण कुठून सुरुवात करायची हे कळत नाही.

रागाच्या भरात मोर्चाला आलेली माणसं मी खूप पाहिली. दुसऱ्या बैठकीला त्यातली निम्मीसुद्धा नसतात. जी वर्षानुवर्षं येत राहतात, त्यांना "तुम्ही का येता?" असं विचारलं तर ती कुणाचं तरी नाव सांगतात. आजीचं, मास्तरांचं, शेजारच्या अक्काचं. त्या उत्तरांवरूनच मला ही वही सुचली. २०२०च्या टाळेबंदीपासून मी ती लिहिते आहे. ज्यांना नव्यानं सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत इथं मांडते.

पायरी १: तीन नावं लिहा

रात्री वही उघडायची आणि स्वतःला विचारायचं: आज मी कुणाच्या जिवावर जगले? उत्तरात तीन माणसं लिहायची, आणि प्रत्येकानं नेमकं काय केलं ते एका ओळीत.

"कुटुंब", "आरोग्य", "देवाची कृपा" असलं काही लिहू नका. त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या लिहून हात कुठं पोचत नाही. माणूस लिहा आणि त्याचं काम लिहा. माझ्या वहीतलं अगदी पहिलं पान असं आहे: "पहाटे तीनला पाणी सोडणारा चावीवाला. नाव माहीत नाही. घंटागाडीवरच्या अक्का. नाव माहीत नाही. भाकरी थापून देणाऱ्या लक्ष्मीबाई."

तीनातली दोन नावं माहीत नव्हती. मी त्या बोळात ११ वर्षं राहत होते. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते उजनीच्या पाइपलाइनमधून येतं, टाकळीहून येतं, हिप्परग्याच्या एकरुख तलावातून येतं, हे मी मुलांना वर्गात नकाशावर दाखवत होते. पण आमच्या बोळाची चावी रात्री-अपरात्री कोण फिरवतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला फार लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

म्हणून माझं सांगणं असं की नाव माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. आपल्या गावात हे अवघड नाही. इथं एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा ऐकू येतात, आणि अण्णा किंवा अक्का म्हणून हाक मारली की माणूस थांबतो. "अण्णा, रोज बघते तुम्हाला, नाव कधी विचारलंच नाही" एवढं पुरतं. नाव सांगताना समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही वहीत लिहा. मी लिहिलेलं आहे आणि अजून कधीतरी ती पानं वाचते.

रोज जमलं नाही तर आठवड्यातून दोनदा लिहा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली असं लिहिणाऱ्यांचे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यातल्या एका अभ्यासात, कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी रोज लिहिणाऱ्यांनी आपण दुसऱ्या कुणाला तरी आधार दिल्याचं जास्त वेळा सांगितलं. लिहिणाऱ्याला बरं वाटलं हे तर झालंच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याचा हात दुसऱ्याकडं वळला.

पायरी २: तोंडानं सांगा, पण आपल्या रीतीनं

आपल्याकडं घरच्या माणसाला किंवा शेजाऱ्याला "धन्यवाद" म्हटलं तर त्याला परकं वाटतं. माझ्या सासूबाईंना एकदा म्हणाले तर त्यांनी विचारलं, "का गं, रागावलीस का?" तेव्हा शब्दाच्या मागं लागू नका. त्यानं काय केलं आणि त्यामुळं तुमचं काय झालं, एवढं सांगा. "अण्णा, परवा तुम्ही वेळेवर पाणी सोडलं, आईला दवाखान्यात न्यायच्या आधी तिची अंघोळ झाली." असं वाक्य माणूस विसरत नाही. सोबत घोटभर चहा असेल तर फार चांगलं.

याचा परिणाम तुमच्या दोघांपुरता राहत नाही. अॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जीनो या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग छापला. एका विद्यार्थ्याचं अर्जासोबतचं पत्र तपासून द्यायला त्यांनी लोकांना सांगितलं. नंतर काहींना त्या विद्यार्थ्याचं मनापासून आभार मानणारं उत्तर आलं, काहींना नुसती पोच आली. पुढं दुसऱ्याच एका विद्यार्थ्यानं मदत मागितली तेव्हा नुसती पोच मिळालेल्यांपैकी २५ टक्के लोक तयार झाले, आणि आभार मिळालेल्यांपैकी ५५ टक्के. ज्याची कदर होते तो अनोळखी माणसासाठीही उठतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

एक पथ्य मात्र पाळा. फोटो नको, स्टेटस नको, शाल-श्रीफळ नको. सफाई कामगारांचा हार घालून सत्कार झालेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तीच माणसं उघड्या हातांनी गटारात उतरली होती.

पायरी ३: मिंधेपणा ओळखा

या पायरीवर बहुतेक जण अडखळतात, म्हणून इथं जरा थांबते.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी आम्ही पोरं. दिवसाला हजार विड्या झाल्या तर पूर्ण मजुरी. कारखान्यात मोजून घेताना त्यातल्या कितीतरी छाट म्हणून बाजूला काढायचे, त्यांचे पैसे मिळायचे नाहीत, आणि विड्या मात्र परतही मिळायच्या नाहीत. दिवाळीला तिथूनच मिठाईचा एक पुडा यायचा. आई तो देवापुढं ठेवायची आणि म्हणायची, "त्यांचे उपकार आहेत, त्यांनी काम दिलं." छाटीबद्दल ती आयुष्यभर एक शब्द बोलली नाही. उपकार करणाऱ्याशी कसं बोलणार?

तिच्या मनात होती ती कृतज्ञता नव्हती. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे: मिंधेपणा. दोन्ही वरून सारखे दिसतात, म्हणून मी एक कसोटी लावते. ज्याचे आभार मानते आहे त्याच्याशी मला भांडता येईल का? त्याच्याकडं हक्काचं मागता येईल का? उत्तर "नाही" असेल तर ते नाव आभाराच्या पानावर घालू नका. त्याच्यासाठी वहीच्या मागून एक पान ठेवा आणि तिथं लिहा की नेमकं काय थकलं आहे.

माझ्या बाबतीत खरे आभार कुणाचे, ते मला फार उशिरा उमगलं. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि माझं कॉलेज त्या शिष्यवृत्तीवर झालं. हे कायदे कुणी पुड्यात बांधून दिले नव्हते. त्यासाठी बायका आणि पुरुष रस्त्यावर उतरले होते, मजुरी बुडवून. पुढं याच शहरातल्या विडी कामगार बायकांनी घरासाठी अशीच चिकाटी धरली, आणि २००६ साली शहराजवळ कुंभारीला, वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकर यांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. माझ्या वहीत एक पान कायमचं त्यांचं आहे, आणि त्यातल्या बहुतेकींची नावं मला कधीच कळणार नाहीत.

यातूनच आणखी एक नियम मी ठरवला आहे. ज्याच्या ताटात कमी आहे त्याला कृतज्ञतेचं प्रवचन देऊ नये. "आहे त्यात समाधान मान" हे वाक्य या वहीत बसत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला त्याच्या चांगल्या गोष्टी लिहायला सांगू नये. ज्याला जास्त मिळालं आहे त्यानं जास्त लिहावं.

पायरी ४: उजव्या पानावर प्रश्न

पंधरा दिवस झाले की वहीत काही नावं पुन्हापुन्हा आलेली दिसतील. त्यातलं एक निवडा. डाव्या पानावर त्याचं नाव आणि काम आहेच. उजव्या पानावर लिहा: याचं काम सुखाचं व्हायला काय लागेल?

उत्तर स्वतःच्या मनानं भरू नका. मी तीच चूक केली होती. चावीवाल्या अण्णांसाठी मी लिहिलं, "रेनकोट." पावसाळा होता, वर्गणी काढायचंही मनात योजलं होतं. एका पहाटे चहा घेऊन खाली गेले आणि विचारलं. ते म्हणाले, "रेनकोट आहे ताई. तुमच्या बोळातल्या मोटारी तेवढ्या बंद करा. पुढची घरं मोटार लावून पाणी ओढतात, शेवटच्या घरांना थेंब जात नाही, अन् शिव्या मला बसतात. परवा एकानं कॉलर धरली."

मोटार लावणाऱ्या घरांत आमचंही घर होतं.

तेव्हा उजव्या पानावरचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा आपल्याच घरात सापडतं, आणि तिथूनच सुरू करा. कचऱ्याच्या अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, काच आणि ब्लेड हाताला लागतात. ओला कचरा, सुका कचरा आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा हे घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांतच आलं होतं, पण आमच्या घरात ते सुरू झालं अक्कांचा कापलेला अंगठा पाहून. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, वर "काच" लिहून हातात द्यायची. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर खूण करायची. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींसाठी आठवड्याची एक भरपगारी सुट्टी. त्यांना हेही सांगा की महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे, तिथं नोंदणी करता येते. फॉर्म भरायला सोबत जा, कारण "ऑफिसात जाऊन या" म्हटल्यावर मावशी कधीच जात नाहीत. त्यांचा दिवसाचा खाडा कोण भरून देणार?

पायरी ५: पाच जण जमवा

एकट्यानं घरातलं बदलता येतं. बोळ बदलायला माणसं लागतात, पण फार नाही. पाच पुरे. शक्यतो एकाच जातीचे, एकाच भाषेचे नकोत. रविवारी संध्याकाळी एखाद्याच्या कट्ट्यावर बसा, प्रत्येकानं वहीतलं एक पान वाचायचं, आणि शेवटी कुठलाही एकच विषय हातात घ्यायचा. दोन घेतलेत तर दोन्ही बुडतील.

आम्ही मोटारींचा विषय घेतला. पहिल्या बैठकीत भाषण नव्हतं, मी अण्णांचं पान वाचलं. शेजारचे काका ताडकन म्हणाले, "आमचीच मोटार दिसली व्हय तुम्हाला?" मी म्हटलं, "आधी माझी बंद केली काका, मग आले." मग त्यांनी खरी अडचण सांगितली: त्यांची टाकी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि गुडघे गेलेत. शेवटी ठरलं असं की पाणी आल्यावर पहिला पाऊण तास कुणीच मोटार लावायची नाही, आणि काकांच्या दोन घागरी समोरची पोरं वर नेऊन देतील. हे जमायला चार महिने लागले. दोन घरं अजूनही ऐकत नाहीत. पण बोळाच्या टोकाच्या घरात नळाला पाणी आलं त्या पहाटे तिथल्या आजींनी सगळ्यांना उठवून चहा पाजला, आणि अण्णांची कॉलर त्यानंतर कुणी धरली नाही.

जे आपल्या हातात नाही त्यासाठी अर्ज करावा लागतो. महापालिकेच्या आपल्या भागातल्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी तक्रार हवेत जाते. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे तो १५० शब्दांत बसवायचा. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. हातमोजे आणि बूट शेवटचे कधी आणि किती वाटले, एवढा साधा प्रश्न विचारून बघा.

इथं एक सावधगिरी फार गरजेची आहे. अर्जात कामगाराचं नाव त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. ठेक्यावरच्या माणसाची नोकरी एका फोनवर जाते. आपलं भलं करायला आलेल्यांमुळं त्याची चूल विझली तर त्या आभारांचं काय करायचं? नागरिक म्हणून स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पत्त्यावरून अर्ज करा.

पायरी ६: सणवारांना वही जोडा

उत्साह ओसरतो, तेव्हा कॅलेंडर कामाला येतं. आपल्या भागात तर आभार मानायचे दिवस आधीच ठरलेले आहेत. वेळा अमावास्येला अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं लोक रानात जातात, काळ्या आईची पूजा करतात, भज्जी आणि आंबील घेऊन बसतात. त्या दिवशी शेतात राबणाऱ्या मजुरांना पहिल्या पंगतीला बसवा आणि वर्षाची मजुरी तिथंच बोला. खंडेनवमीला मागाची पूजा होते, तेव्हा मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला विचारा की कान कसे आहेत, छातीत पिंजल, म्हणजे सुताची धूळ, जाते का.

१२ जानेवारीला वहीत चार नावं लिहा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी अमलानंतर, या चौघांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिलं गेलं. नावं मोठ्यानं वाचली की हे शहर कुणाकुणाचं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. मी वर्गात नुसती वाचते आणि थांबते.

त्यानंतर लगेच सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन श्रमातून तलाव उभा केला, असं परंपरा सांगते. त्या बसवेश्वरांच्या शरण परंपरेत कायक आणि दासोह असे दोन शब्द आहेत. कायक म्हणजे घाम गाळून केलेलं काम, आणि दासोह म्हणजे त्यातून जे आलं ते समाजाचंच आहे असं समजून समाजाला परत करणं. "दान" या शब्दात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दासोहात तसं नाही, तिथं देणारा आधीचं फेडत असतो. वही लिहिताना मला या शब्दाचा फार आधार वाटतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ साली युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते, आणि १९४२ साली, ३२व्या वर्षी, तिकडंच वारले. चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे आणि लोक तिथं अजून फुलं वाहतात. आपल्या गावच्या पोराचं नाव परमुलखात असं घेतलं जातं, तर आपल्या इमारतींच्या स्लॅबवर राबणाऱ्या परमुलखातल्या पोरांची नावं आपल्याला विचारता येतील. माझी वही त्या बाबतीत अजून फार रिकामी आहे.

लिहवत नसेल तेव्हा

असे दिवस येतात. टाळेबंदीत आमच्या ओळखीतली माणसं गेली तेव्हा मी तीन आठवडे वही उघडली नाही. अशा वेळी ओढून-ताणून चांगलं शोधू नका, कारण दुःखावर आभाराचा पापुद्रा चढवला की ते आत सडतं. गेलेल्या माणसाचं नाव लिहा, त्यानं आपल्यासाठी काय केलं तेवढंच लिहा, आणि पान मिटा. काही पानांवर माझ्याकडून नुसतं नावच लिहून झालं आहे.

झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा. वही हे औषध नाही.

आणि राग आला तर तो दाबू नका. ज्याचं नाव तुम्ही लिहिलं आहे त्याच्यावर अन्याय झालेला पाहून येणारा राग चांगलाच आहे. तो मागच्या पानावर तारीख घालून लिहा आणि रविवारी पाच जणांपुढं वाचा.

माझ्या वहीच्या कालच्या पानावर दोन नावं आहेत आणि एक जागा रिकामी. रात्री साडेअकराला अशोक चौकातून परत येत होते तेव्हा एक बाई एकट्याच रस्ता झाडत होत्या. पाठीवर चमकणारं जाकीट नव्हतं, आणि ट्रक शेजारून भरधाव जात होते. गाडी थांबवायला मला जमलं नाही. मंगळवारी पुन्हा त्याच वेळी तिकडून यायचं आहे, तेव्हा थांबून नाव विचारणार आहे.